सटवाईची बुटकी टेकडी

लाँचला ब्रेक नसतो, हे मला लाँच चालवायला लागल्यावर कळलं. तोवर मी धरणाच्या भिंतीवर रोलर चालवत होतो. रोलरचं बरं असतं. माणूस त्याच्यावर बसून डुलक्या घेत घेत नोकरी करू शकतो. पण मुळेचं धरण पुरं झालं, पाणी अडलं, रोलर शेडात गेले आणि खात्यानं एक लाँच आणली. ती चालवायला माणूस मिळेना. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "पोहता येतं का?" मी म्हणालो, "येतं." आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी पाठीला भोपळा बांधून पोहत असे. भोपळ्याविषयी साहेबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी धक्क्यावर पूजा होती. साहेब हातात नारळ घेऊन पायरीवर उभे, मी लाँच वळवून आणतोय, आणि धक्का जवळ आल्यावर मी सवयीनं पाय दाबला. पायाखाली नुसता पत्रा. लाँच मजेत पुढं गेली आणि पायरीला धडकली. साहेब हारासकट ओल्या पायरीवर बसले, आणि नारळ फोडायचा राहिला होता तो त्यांच्या हातून आपसूक फुटला. माझा खलाशी इसाकदादा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, डोक्याला गुंडाळलेला टापर तोंडावर ओढून म्हणाला, "झाली पूजा. आता परसाद वाटा."

लाँच थांबवायची तर इंजिन उलटं फिरवायचं, तेही बरंच आधी. हे मला पुढं जमलं. या धंद्यात खरी अडचण वेगळीच होती. लोकांना वाटतं, धरणात भीती खोल पाण्याची. तसं नाही. खोल पाणी गरीब असतं. भीती उथळ पाण्याची, कारण आमचं पाणी नवं होतं आणि त्याच्याखाली गावं होती. बाभळी तोडल्या होत्या, पण सगळ्या नाही. घरांची लाकडं लोकांनी नेली, भिंती तशाच. कुठं बाभळीचा शेंडा लाँचच्या पंख्यात अडकेल, कुठं कुणाच्या गोठ्याची भिंत बुडाला घासेल, नेम नाही. म्हणून इसाकदादा पुढच्या टोकावर लांब बांबू घेऊन उभा राही आणि पाण्यात खुपसत जाई. तो "लागलं" म्हणाला की मी इंजिन बंद करायचं. एवढ्यावर आमचा कारभार चाले.

आणि बेटं. टेकड्यांचे माथे पाण्याबाहेर राहिले होते, त्यांना आम्ही बेटं म्हणायचो. साहेबांकडं पाहुणे आले की रविवारी त्यांना बेटं दाखवून आणायची, हे आमचं बिनकागदाचं काम. सकाळी निघायचं, एकेका बेटावर उतरवायचं, एका बेटावर डबे खायचे आणि दुपारी वारा सुटायच्या आत परत. बेटांना आम्ही नावं ठेवली होती, ती माझ्याच पराक्रमांवरून. एकाचं नाव मेव्हणा. तिथं मी साहेबांच्या मेव्हण्याला विसरून आलो होतो. माणसं मोजून घेतली, पण मोजताना स्वतःला धरलं. गृहस्थ झुडपाआड गेलेले. परत गेलो तेव्हा सदरा काठीला लावून हलवत होते. दुसऱ्याचं नाव टिफिन. ते सांगत नाही, साहेबांच्या मंडळी अजून हयात आहेत. एक होतं हत्ती, दुरून तसं दिसायचं म्हणून.

ही नावं मी मोठ्या ऐटीत पाहुण्यांना सांगत असे. त्या टेकड्यांना आधीच नावं होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुष्काळ सरल्यानंतरचा पहिला पावसाळा होता. धरण भरलं होतं. दसरा होऊन गेला होता. त्या रविवारी साहेबांचे पाहुणे आले नाहीत, आणि धक्क्यावर वेगळीच माणसं उभी होती. एक म्हातारी, गयाबाई. तिची सून सुमन, काखेत पाच महिन्यांचं पोर. सुमनचा भाऊ भीमा, म्हणजे पोराचा मामा. आणि एक न्हावी. बुडालेल्या गावांपैकी एका गावची माणसं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावचे वाचणारे ओळखतील. सरकारनं त्यांना लांब माळावर नवं गावठाण दिलं होतं. गयाबाई आदल्या दिवशी साहेबांच्या बंगल्यापुढं बसून राहिली होती, शेवटी साहेबच म्हणाले, "घेऊन जा बाबा यांना, पण वारा सुटायच्या आत परत."

न्हाव्यानं लाँचकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, पिशवीतून कात्री काढून भीमाच्या हातात दिली आणि म्हणाला, "मामाच्याच हातनं चांगलं असतंय." आणि सायकल काढून गेला.

मी विचारलं, "आजी, कुठं जायचं?"

"सटवाईच्या टेकडीला."

"कोणती ती?"

"आता डायवर तुमी का आमी?" गयाबाई म्हणाली.

लाँच सुरू झाल्यावर तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या कुळात पोराचं जावळ पाचव्या महिन्यात काढतात, आणि ते त्या टेकडीवरच्या सटवाईपुढंच. सटवाई म्हणजे जी सहाव्या रात्री येऊन पोराच्या कपाळावर लिहून जाते, ती. गाव उठलं तेव्हा बाकीचे देव गाडीत घालून नव्या गावठाणात नेले. ही नेता आली नाही, कारण ती टेकडीतूनच वर आलेला खडक होती. मग नव्या गावठाणात दुसरा दगड शेंदूर लावून बसवला.

"ह्याच्या आधी दोन," गयाबाई नातवाकडं बोट करून म्हणाली. "पयलं गावातच गेलं, जावळाआधीच. दुसऱ्याचं जावळ त्या नव्या दगडापुढं काढलं. म्हैन्याच्या आत ते बी गेलं. मी तवाच म्हनलं हुतं, तिला सोडून दुसरीपुढं बसू नका. ऐकतंय कोन म्हातारीचं."

दात यायच्या आत गेलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. दोन्ही सटवाईच्याच टेकडीच्या गावाकडल्या उतारावर, मातीत होती. दुसऱ्याला तर नव्या गावठाणातून बैलगाडीनं तिथं आणलं होतं, पाणी तोवर पायथ्याला लागलं नव्हतं.

"मग दुष्काळात पाणी नव्हतं तेव्हाच का नाही आलात? चालत आला असता," मी शहाणपणानं म्हणालो.

"तवा हे पोटात हुतं. गरवार बाईनं तिकडं पाऊल टाकू न्हाई." गयाबाईनं माझ्याकडं नीट पाहिलं. "डायवर, तुमचं गाव धरनाच्या वरल्या अंगाला का खालच्या?"

"खालच्या. राहुरीकडं."

"पाटाचं पानी येतंय?"

"येतं."

"ऊस हाय?"

"आहे थोडा."

"मंग बरंय," ती म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन पाण्याकडं बघत बसली. मला तेव्हा इंजिनात एकाएकी बरंच काम निघालं.

सुमन लाँचच्या कडेला बसली होती. तिची नजर पोरावर नव्हती, पाण्यावर होती.

आम्ही आधी मेव्हण्यावर गेलो, कारण ते जवळ होतं आणि उतरायला सोपं. गयाबाई वर चढली, चौफेर फिरली आणि खाली आली. "ही न्हवं. हितं सटवाईचा खडक न्हाई."

"कशावरून ओळखता?" मी विचारलं.

"मी आजवर खालून वर बघितलं हाय. वरनं खाली कधी बघितलं?" ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. जन्मभर गावातून मान वर करून पाहिलेल्या टेकड्या, आणि आता गाव नाही, पायथे नाहीत, पाऊलवाटा नाहीत, नुसती टकली पाण्यावर मांडलेली. मला मेव्हणा आणि हत्ती लांबून ओळखता येत होते. ज्यांच्या त्या टेकड्या, त्यांना येत नव्हत्या.

मग टिफिनवर गेलो. तिथं वरच्या अंगाला दगडांची एक रास आहे, तिच्याआड बसून साहेबांची मंडळी जेवत, वारा लागत नाही म्हणून. गयाबाई त्या राशीपाशी गेली आणि एकदम खाली बसली.

"व्हय रं म्हसोबा," ती म्हणाली. "तू हितंच हायस का?"

तिनं हातानं पालापाचोळा काढला. खाली शेंदराचा पापुद्रा राहिलेला दगड होता. त्याच्यावर आमच्या कुणीतरी खाल्लेल्या संत्र्याची साल वाळून चिकटली होती. गयाबाईनं ती नखानं सोडवली आणि बाजूला ठेवली. कुणी खाल्लं, असं तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. इसाकदादा माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं बघेना. पिशवीतला कुंकवाचा करंडा काढून तिनं दगडाला बोट लावलं आणि उभी राहिली.

"आता गावली," ती म्हणाली. "म्हसोबाच्या उगवतीला सटवाई. हाकेच्या अंतरावर."

आम्ही सगळ्यांनी उगवतीला पाहिलं. उगवतीला पाणी होतं. सपाट, चकचकीत. त्याच्यापलीकडं खूप लांब हत्ती.

"ती," गयाबाई हत्तीकडं हात करून म्हणाली.

"मावशी, ती हाकेच्या अंतरावर कुठंय?" भीमा म्हणाला. "तिथवर हाक मारायला भोंगा लागंल."

"पान्यानं लांब दिसतंय. चला."

हत्तीवर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पोर रडून रडून झोपलं. हत्तीवर कुणाच्या तरी मेंढवाड्याचे दगड होते आणि काटेरी झुडपं. गयाबाई त्या झुडपांत पदर फाडून घेत हिंडली. प्रत्येक मोठ्या दगडापुढं उभी राहायची, हात लावायची, पुढं जायची. एका दगडापुढं जास्तच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता हाच म्हणेल. खोटं कशाला बोलू, तिनं तसं म्हणावं असं मला फार वाटत होतं. जावळ निघालं असतं, डबे खाल्ले असते, वारा सुटायच्या आत घरी.

तीही बहुधा तेच तोलत असावी. मग मान हलवून म्हणाली, "न्हाई. ही दुसऱ्याची टेकडी हाय." आणि तिथंच खाली बसली. "एवढी उंच सटवाई. पानी तिला झाकनार कसं? मी डोक्यावर निवदाची पाटी घेऊन चढायचे तर तोंडाला फेस यायचा."

"आत्याबाई," सुमन म्हणाली. त्या दिवशी तिचं तोंड मी पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं. "सटवाई बुटकी हुती."

"बुटकी?"

"व्हय. म्हसोबाची टेकडी मागं उभी, तिच्यापुढं ही मिसळून जायची. नव्या मानसाला दिसायची बी न्हाई. मी मागल्या दारातनं रोज बघायचे. तुमाला उंच वाटायची, तुमच्या डोक्यावर पाटी असायची."

गयाबाई सुनेकडं बघत राहिली. "मंग सकाळधरनं का बोलली न्हाईस?"

"तुमी म्हसोबापास्नंच माघारी फिरला असता." सुमननं पोराला एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. "वाटलं, मी चुकत असंन. मी चुकत असले तर बरं, असं वाटलं."

भीमा कात्रीकडं बघत बसला. मग इसाकदादानं हात झटकले आणि तो मला म्हणाला, "चला की. बांबू कशाला दिलाय खात्यानं?"

आम्ही परत फिरलो. टिफिनच्या, म्हणजे म्हसोबाच्या समोर आलो तसा मी वेग कमी केला. यावरून मी आजवर किती वेळा गेलो असेन, हिशेब नाही. पाहुण्यांना घेऊन, गाणी म्हणत, भेळ खात. इसाकदादा बांबू खुपसत होता. इथं नाही. इथं नाही. थोडं डावीकडं. मग बांबू टक्क वाजला.

"लागलं," तो म्हणाला. "खडक हाय."

पुरुषभर पाणी आणि वर एक हात. मी इंजिन बंद केलं. आता तिथं थांबायचं, तर लंगर हवा. लंगर नव्हता. तो मी आदल्या वर्षी मोठ्या रुबाबात पाण्यात टाकला होता आणि दोराचं दुसरं टोक लाँचला बांधायचं राहून गेलं होतं. सगळा दोर सुळसुळत माझ्या डोळ्यांदेखत गेला होता. खात्याकडं दुसरा मागितला, तर खातं विचारत होतं, पहिला कुठंय. त्यामुळं लाँच सरकायची, मी इंजिन लावायचो, परत आणायचो, बंद करायचो. इसाकदादा बांबूनं अडवून धरायचा. एवढ्या कसरतीत ते जावळ निघालं. भीमा मांडी घालून बसला, पोर मांडीवर, पण त्यानं कात्री नुसतीच धरून ठेवली, तेव्हा गयाबाईनंच ती घेतली. दोन्ही हातांनी धरून तिनं एक एक बट कापली. केस कणकेच्या गोळ्यात घातले, गोळ्याला हळदकुंकू लावलं. "आई," ती पाण्याकडं बघून म्हणाली, "तू वर येऊ शकत न्हाईस, आमी खाली येऊ शकत न्हाई. ह्याचं तेवढं नीट लिही." आणि गोळा सोडला. तो सरळ खाली गेला.

ते पोर जगलं, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यांचा जीव टांगणीला राहायला नको. पुढं ते मोठं झालं, कारखान्यात लागलं, मी त्याच्या लग्नात जेवलो आहे. पण त्या दिवशी लाँचमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं.

वारा सुटायला लागला होता. मावळतीकडून पाण्यावर सुरकुत्या येत होत्या. मी हँडल हातात घेतलं, तेवढ्यात सुमन उठली. पोर तिनं सासूकडं दिलं आणि इसाकदादाजवळ गेली.

"दादा, तो बांबू जरा द्या."

इसाकदादानं माझ्याकडं पाहिलं. बाईमाणसाच्या हातात बांबू द्यायचा आणि ती कलंडली तर, हे त्याच्याही मनात आलं असणार. मला पोहता येत नाही हे एव्हाना त्याला ठाऊक होतं. पण त्यानं दिला, आणि तिच्या मागं तिचा पदर मुठीत धरून उभा राहिला.

तिनं बांबू पाण्यात घातला. टक्क. खडक लागला. लाँच वाऱ्यानं उगवतीकडं सरकत होती. मी ती परत आणायला निघालो, तर तिनं मागं न बघता हात केला. असू द्या. मग मला समजलं. म्हसोबा मावळतीला, त्यांचं घर उगवतीला. तिच्या मागल्या दारातून दिसायचा तो उतार, त्याच्यावरून आम्ही चाललो होतो.

मी हँडल खाली ठेवलं.

ती बांबू उचलायची, पुन्हा टेकवायची. टक्क. पुन्हा टक्क. मग आवाज गेला. दगड संपून माती लागली होती. तिथं ती वाकली. बांबू हळूहळू खोल जात होता, तिचं मनगट पाण्यात गेलं, मग कोपर, मग बाहीसकट दंड. लाँच सरकतच होती. गाल पाण्याला टेकेल इतकी ती वाकली, इसाकदादानं दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला. गयाबाईनं पोराच्या उघड्या डोक्यावर पदर धरला होता आणि ती दुसरीकडं बघत होती.

मग बांबूला काही लागेना.

ती तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली आणि तिनं बांबू वर ओढून घेतला. त्याच्या टोकाला बोटभर माती आली होती, पांढरट, चिकट. ती त्या मातीकडं बघत राहिली. इसाकदादा हळूच म्हणाला, "बाई, पदराला बांधून घ्या. घरी ठेवा."

"नगं," ती म्हणाली. "त्येंच्या अंगावरची हाय ती."

आणि बांबूचं टोक पुन्हा पाण्यात घालून, माती सुटेपर्यंत ती तो हलवत राहिली.